परतीची खूण

शुक्रवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी दीपेश सरांनी बटण दाबलं आणि कंपायलर कोसळला. दोन ओळी लिहून तो बंद पडला: "आतली चूक. थांबतो." कुठली चूक, कुठल्या ओळीत, काही नाही. दीपेश सर म्हणाले, "लॅपटॉप गरम झाला वाटतं."

मी तिथेच होते. त्याच फाईलीत, वरून तेराशेव्या ओळीच्या आसपास. मी एक खूण बोलतेय. लॅपटॉप गार होता, हे मी तेव्हाच सांगितलं असतं, पण खुणांना कोण विचारतं?

मी कोण, ते आधी सांगते. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या कामांची यादी. ही यादी एका कागदावर मावत नाही, म्हणून माणसं ती दहा फाईलींत लिहितात. कंपायलर ती यादी यंत्राच्या भाषेत करून देतो. पण त्याला दहा ठिकाणी तोंड घालायची सवय नाही, सगळं एका ताटात लागतं. म्हणून आधी एक मदतनीस सगळ्या फाईली एकत्र कालवतो, आणि जिथे जिथे सांधा येतो तिथे खूण ठेवतो. सुरुवातीला # असं चिन्ह, मग ओळीचा आकडा, मग फाईलीचं नाव आणि शेवटी एक किंवा दोन. शेवटी एक असेल तर "इथून दुसऱ्या फाईलीत आत गेलो." दोन असेल तर "काम झालं, परत आलो." मी दोनवाली. मी परतीची खूण.

आमची जात अल्पायुषी. मदतनीस आम्हांला जन्म देतो, कंपायलर वाचतो, की संपलं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मी मात्र वर्षानुवर्षं जगले, त्याला कारण माणसांचा आळस.

माझा जन्म भिवंडीजवळच्या अंजूरला, रामनाथदादाच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत झाला. रामनाथदादा हुशार होता, हे मला मान्य करावं लागतं. हातमागाच्या काळापासून कापड विणणाऱ्या या गावांत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बोटं जातात, हे त्याला बघवेना. म्हणून त्याने लूमला लावायचा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवला. सुताची तार तुटली किंवा गार्डच्या, म्हणजे पुढच्या संरक्षक कठड्याच्या, आत हात गेला, की बोर्डाने लूम जागच्या जागी थांबवायचा. त्याचा प्रोग्रॅम त्याने दहा फाईलींत नीट लिहिला आणि चुलतभाऊ प्रितेश शेठला देताना ती कालवलेली एकच फाईल पेनड्राइव्हवर दिली. "सध्या यावर चालव, मूळ फाईली नंतर देतो," म्हणाला. नंतर तो नोकरीला आखातात गेला आणि त्याचा नंबर बदलला. ते "नंतर" अजून यायचं आहे.

प्रितेश शेठचा कारखाना गोदामाच्या पोटमाळ्यावर. खाली दुसऱ्यांचा माल, वर यांचे बोर्ड. शेठ मनाने वाईट नाही, पण त्याचा विश्वास जितका नारळावर आहे तितका वाचण्यावर नाही. पहिल्याच दसऱ्याला त्याने लॅपटॉपची पूजा केली आणि सोबत पेनड्राइव्हलाही हळदकुंकू वाहिलं, सढळ हाताने. त्या दिवसापासून पेनड्राइव्ह उघडला नाही. देव्हाऱ्यात मात्र अजून ठेवलेला आहे.

उरलो आम्ही, लॅपटॉपमधली एकच फाईल. मग या लोकांनी काय केलं? लूमवर जे करतात तेच. लूमचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, आणतात आणि जुन्या तारांच्या टोकांना नव्या तारांची टोकं एकेक गाठ मारून जोडतात. नव्याने सगळं ओवत बसायला नको. कापडाला हे चालतं. पण यांनी प्रोग्रॅमचंही तेच केलं! काही नवं करायचं असलं की कुणीतरी यायचं आणि आमच्या शेपटीला नवा तुकडा गाठ मारून जायचं. असे किती आले, किती गेले. कुणी वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं असेल, तर मी आत्ता खूण असणं सोडून देईन.

दीपेश सर शेवटचे. डिप्लोमा झालेले, कपाळावर गॉगल, बोलण्यात अर्ध्याहून जास्त इंग्रजी. बुधवारी त्यांना नवा तुकडा जोडायचा होता, कारण टेमघरच्या एका कारखान्यात जास्त वेगाच्या नव्या मशिनी आल्या होत्या आणि जुना प्रोग्रॅम त्यांना वेळेत थांबवत नव्हता. तुकडा जोडला, तो बराही होता. मग सरांची नजर आमच्यावर गेली.

"हे काय घाण आहे मध्ये मध्ये?" ते स्वतःशीच बोलले. आणि साफसफाईला लागले. वरून एकेक # वाली ओळ पुसत आले. पहिली पुसली, दुसरी पुसली. तिसरी माझी जोडीदार होती. आत जाणारी, एकवाली. इतकी वर्षं ती वर उभी आणि मी खाली, मध्ये चारशे ओळी. ती "गेलो" म्हणायची, मी "आलो" म्हणायची. पुसली. पुढचा नंबर लागणार, तेवढ्यात चहा आला. सर चहाला उठले आणि आपण काय करत होतो, ते विसरले.

तिघी गेल्या आणि त्यांच्या जोडीच्या आम्ही तिघी परतीच्या मागे राहिलो. कंपायलर वाचत आला, मी म्हणाले, "परत आलो." त्याने वहीत बघितलं. कुणी गेल्याची नोंदच नाही! मग हा परत आला कुठून? शहाणा कंपायलर असता तर कुरकुर करून पुढे गेला असता. हा जुना, फुकट मिळालेला, कुणीतरी कुणाकडून कॉपी केलेला. तो भोवळ येऊन पडला.

एवढी साधी गोष्ट. आता माणसांनी त्याचं काय केलं ते ऐका.

सरांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग व्हायरस शोधला. मग कंपायलर काढून पुन्हा घातला, त्याच जुन्या कॉपीवरून. मग मोबाईलमधल्या हुशार यंत्राला विचारलं. त्याने नऊ उपाय सांगितले, सरांनी पहिला वाचला. प्रितेश शेठ येऊन मागे उभा राहिला.

"काय रं दीप्या, हाय का काय होण्यासारखं?"

"शेठ, सॉफ्टवेअरचा इश्यू हाय."

"मंग सॉफ्टवेअरला सांग ना. संध्याकाळी सातला त्यांच्या मशिनी चालू होनार हायेत."

शेठ खाली गेला, लिंबूमिरची घेऊन वर आला आणि लॅपटॉपच्या वायरला बांधून गेला. मी काही बोलत नाही.

आता यातली खरी गोम. शुक्रवार म्हणजे भिवंडीत लूमची सुट्टी, दिवसभर खटखट बंद. नव्या मशिनींचे बारा बोर्ड गुरुवारीच काढून आणले होते आणि त्यांच्यातला जुना प्रोग्रॅम पुसूनही टाकला होता. नवा तयार झालाय की नाही, हे बघायच्या आधी! अंगावरचं धुवायला टाकायचं आणि मग शिंप्याकडे कापड घेऊन जायचं, ही अक्कल. आणि मशीनवाला मालक फोनवर म्हणाला होता, "बोर्ड आला तर ठीक, नाही तर बिगर बोर्ड चालेल. पार्टीला माल सोमवारी पाहिजे."

बिगर बोर्ड चालेल. चालवणार कोण? मालक नव्हे. त्या मशिनींवर मिथुन होता.

मिथुन म्हणजे संघरत्नाचा नवरा. संघरत्ना याच पोटमाळ्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर बोर्डांना सोल्डर लावते. सातवी शिकलेली. घरी सात महिन्यांची मुलगी उन्नती, ती सासूजवळ. मिथुनच्या डाव्या हाताची करंगळी निम्मीच आहे. जुन्या लूमवर गेली, बोर्ड नसलेल्या. म्हणून संघरत्ना जेव्हा सोल्डर लावते तेव्हा प्रत्येक टाक्याला दोनदा फुंकर मारून बघते. शेठ म्हणतो, "ही बाई स्लो हाय." हो, आहे.

अकरा वाजता तिने मिथुनला फोन लावला.

"बोर्ड नाही आले तर तू जाऊ नकोस ड्युटीला."

"आणि काय करू? मी नाही म्हटलं तर बाहेर दुसरा उभा आहे. गेटवरच उभा असतो तो."

"हात गेला तर?"

"अगं, बोर्ड येण्याआधी लोक लूम चालवत नव्हते का?"

"चालवत होते ना. तुझी करंगळी बघ."

तिकडून तो हसला. ती हसली नाही. फोन ठेवला आणि दीपेश सरांच्या मागे जाऊन उभी राहिली. हातात काम नाही, पायाखाली आग. स्क्रीनवर आम्ही वर-खाली धावत होतो.

"सर, ह्या जाळीच्या खुणेवाल्या ओळी काय आहेत?"

"कचरा आहे ताई, कॉम्प्युटरचा. तुम्ही सोडा."

"कचरा आहे तर शेवटी आकडा कशाला? कुठे एक, कुठे दोन."

"तुम्ही बसा ना ताई. मला कॉन्सन्ट्रेट करू द्या."

ती बसली नाही. पण पुन्हा विचारलंही नाही. दुपारी दीड वाजता सर जेवायला गेले, तेव्हा ती त्यांच्या खुर्चीच्या कडेवर टेकली, डबा न उघडता. बोर्डांच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, बॉलपेन घेतलं आणि # वाल्या सगळ्या ओळी उतरवायला लागली. इंग्रजीचा अर्थ तिला कळत नव्हता. पण अक्षर न् अक्षर तिने रांगोळीच्या ठिपक्यासारखं मोजून काढलं. मलाही उतरवलं. इतक्या वर्षांत कुणी मला पहिल्यांदाच हाताने लिहिलं. मी अंमळ भारावले, हे कबूल करते.

लग्नाआधी संघरत्ना आईबरोबर बीम जोडायला जायची. दिवसाला हजारो गाठी. त्या कामात डोळ्याला एकच सवय लागते: या टोकाला त्या टोकाची जोड आहे का? एक टोक जरी सुटलं तरी पुढे जाऊन सगळा ताणा अडतो, आणि अडतो तिथे काहीच चुकलेलं नसतं. चूक मागे असते. तिने पुठ्ठ्यावर एकवाल्या डावीकडे लिहिल्या, दोनवाल्या उजवीकडे, आणि नावं बघून जोड्या लावत गेली. रेघा ओढल्या. सहा जोड्या लागल्या. उजवीकडे आम्ही तिघी सुट्या उरलो. मध्ये एक ओळ अशी आली जिला आकडाच नव्हता, नुसते शब्द. ती कुठल्या बाजूला घालावी कळेना, म्हणून तिने ती खाली एकटीच लिहून ठेवली.

सर आले, तेव्हा पुठ्ठा तयार होता.

"सर, एकवाल्या म्हणजे काय, दोनवाल्या म्हणजे काय, तेवढं सांगा."

सरांनी वैतागून मोबाईलमध्ये शोधलं. "एक म्हणजे फाईलमध्ये एंटर, दोन म्हणजे रिटर्न. काय करायचंय तुम्हांला?"

"मग ह्या तीन जणी गेल्याच नाहीत. नुसत्या परत आल्यात."

सरांनी पुठ्ठा हातात घेतला. गॉगल कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. बुधवारचा चहा त्यांना आठवला असावा, कारण मान लाल झाली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. पण माणूस चूक कबूल करतो तीही अर्धी. "आता पुसलेल्या परत कुठून आणू? सोपं आहे, सगळ्याच काढून टाकतो. यांच्याशिवायही प्रोग्रॅम चालतो."

हे खरं आहे. खोटं कशाला बोलू? आम्ही नसलो तरी काम होतं, फक्त कुठून काय आलं ते कळत नाही. पण सरांनी काय केलं? एकेक बघून काढायचे कष्ट कोण घेणार. त्यांनी हुकूम सोडला: # ने सुरू होणारी प्रत्येक ओळ पुसा. दोन सेकंदांत आम्ही सगळ्या गेलो. फाईल सेव्ह, बंद. बटण दाबलं आणि कंपायलर शेवटपर्यंत धावला. हिरवी पट्टी!

शेठने खालून वडापाव मागवले. "दीप्याने केलं!" तो सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं ओरडला. दीपेश सरांनी "नाही नाही" म्हणत मान हलवली, पण मान नाही म्हणत नव्हती. पुठ्ठ्याचं नाव कुणी काढलं नाही.

पाच वाजत आले होते. शेठ म्हणाला, "चला, बारा बोर्डांत टाका आणि गाडीवर घाला."

"शेठ, आधी एक बोर्ड इथे लावून बघू," संघरत्ना म्हणाली.

"हिरवं आलं ना बाय? आता काय बघायचं?"

"फक्त पाच मिनटं. माझा नवरा आहे त्या मशीनवर."

शेठने घड्याळ बघितलं आणि तोंड फिरवलं. ते त्याचं हो म्हणणं.

कोपऱ्यात चाचणीसाठी एक छोटा लूम आहे, पुढे-मागे आपटणाऱ्या फणीचा, गार्डसकट. बोर्ड लावला, चालू केला. फणी खट खट आपटायला लागली. सरांनी एक तार तोडली, लूम थांबला. "झालं," ते म्हणाले. संघरत्ना आपल्या पिशवीपाशी गेली. सकाळी बाजारातून रात्रीच्या भाजीला भेंडी घेतली होती. त्यातली एक लांब, कोवळी भेंडी काढली, पक्कडीत धरली आणि गार्डच्या आत घातली. बोटाएवढी भेंडी. बोट जसं जाईल तशीच.

फणी थांबली नाही.

भेंडी चिरडून फणीच्या दातांना चिकटली, बिया टेबलावर उडाल्या. संघरत्नाने पक्कड सोडली नव्हती. ती त्या बियांकडे बघत होती. वडापावाचा कागद तेवढा पंख्याखाली फडफडला.

"भेंडी ओली असते ना," सर म्हणाले, "सेन्सरला तसं..."

"आणि हात कोरडा असतो का सर? बारा तास लूमवर?"

सर सेन्सरची वायर चाचपू लागले.

ती टेबलाकडे गेली आणि पुठ्ठा घेऊन आली. अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तीच, आकडा नसलेली. "ही बघा. ही ह्या जोड्यांतली नव्हती. हिला जोडीदारच नाही. तुम्ही हिलाही पुसलंत ना?"

सरांनी ओळ वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती आमच्यासारखी दिसणारी, पण खूण नव्हतीच ती. तो रामनाथदादाने कंपायलरला दिलेला हुकूम होता: गार्डमधून इशारा आला की हातातलं सगळं सोड आणि आधी लूम थांबव. तीही # नेच सुरू होते. दिसायला सारखी, म्हणून आमच्याबरोबर केराच्या टोपलीत. प्रोग्रॅम हिरवा झाला होता, तो बोटं वाचवायचं सोडून बाकी सगळं करत होता.

"काय लिहिलंय त्येच्यात?" शेठने विचारलं.

"शेठ... हात घातला की थांबायचं, ते."

शेठने एक शिवी घातली, मग दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकला. लिंबूमिरचीकडे त्याने बघितलं नाही.

संघरत्नाने ओळ एकेक अक्षर वाचून दाखवली आणि सरांनी टाईप केली. एका ठिकाणी ते घाईने पुढे गेले, तर तिने अडवलं, "इथे खाली एक आडवी रेघ आहे." होती. जागा कुठली तेही तिने सांगितलं, कारण तिने पुठ्ठ्यावर वरची आणि खालची शेजारीण लिहून ठेवली होती. वरची शेजारीण मी, पुसली गेलेली, पण खालची साधी ओळ अजून जागेवर होती. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा हिरवं आलं. या वेळी कुणी ओरडलं नाही.

दुसरी भेंडी. पक्कड. फणी आली, आणि भेंडीपासून नखभर अंतरावर थांबली.

तिने तिसरी घातली. चौथी घातली. शेठ म्हणाला, "बस झालं बाय, भाजीला ठेव काय तरी." तिने पाचवी घातली. मग बाराच्या बारा बोर्डांवर एकेकदा. स्लो बाई. शेठ यावेळी घड्याळाकडे न बघता उभा राहिला आणि प्रत्येक वेळी फणी थांबली की मान हलवत गेला.

साडेसहाला बोर्ड स्कूटरवरून टेमघरला गेले. सात वाजता मशिनी सुरू झाल्या. सव्वासातला संघरत्ना रिक्षाची वाट बघत गोदामाच्या दारात उभी होती, तेव्हा मिथुनचा फोन आला.

"आले बोर्ड. चालू आहे सगळं."

"थांबतात ना?"

मागे मशिनींचा आवाज येत होता.

"एकदा थांबली," तो म्हणाला. "तार उचलायला हात घातला होता. सवयीने."

ती दाराच्या कडेला टेकली. "भेंडी कमी आहे आज," एवढंच म्हणाली.

आता माझं. फाईलीत मी नाही. तिथली मी पुसली गेले आणि ते योग्यच झालं, माझ्या खोट्या परतण्याने कंपायलर पडत होता. पण पुठ्ठ्यावर मी आहे. संघरत्नाने तो आपल्या टेबलावरच्या भिंतीला टेपने चिकटवलाय. सोल्डरच्या धुराने पिवळा पडतोय, एका कोपऱ्याला भेंडीचा चिकट डाग आहे. डावीकडे माझ्या समोर, जिथे माझी जोडीदार असायला हवी होती, तिथे तिने एक रिकामी रेघ सोडली आहे. पुसली नाही, भरलीही नाही.

दीपेश सर रोज त्या पुठ्ठ्यासमोरून जातात. हल्ली थांबून वाचतात. आपण कधी वाचत नव्हतो, हे त्यांच्या लक्षात आलं की काय, मला माहीत नाही. मी फार आशा ठेवत नाही. परवाच शेठने विचारलं, "हा पुठ्ठा अजून कशाला? काढून टाक, घाण दिसतंय." संघरत्ना म्हणाली, "राहू द्या शेठ." राहिला.

तुमच्या ओळखीत कुणी असं काम करत असेल, बोर्डाचं, मशीनचं, कशाचंही, आणि समोर न समजणारी ओळ आली की लगेच ती पुसायला निघत असेल, तर त्याला माझ्याबद्दल सांगा. म्हणावं, आधी उतरवून ठेव आणि तिची जोड कुठे आहे ते बघ. आणि हिरवं आलं तरी भेंडी घालून बघ. तुम्हांला मी सांगितलं, आता तुम्ही पुढे सांगा.